ग्लेशियरची पे स्लिप आणि वीस वर्षांचा हप्ता

"ताई, दर दोन-अडीच वर्षांनी बदली, नवरा कधी बॉर्डरवर कधी कुठे, मग लोन काढून घर आत्ताच घ्यावं की हे रिटायर होऊन आल्यावर?" फौजी घरांतून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतोच, महूची लष्करी छावणी शेजारी आहे ना आमच्या. बँकेत लोन डेस्कवर माझी एकोणीस वर्षं गेली, आता इंदूरला रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसते आणि लोकांचे पैशाचे गुंते सोडवते, म्हणजे सोडवतात तेच, मी फक्त टोक शोधून देते. तर एक केस सांगते, नाव बदललंय.

वैशाली आणि तिचा नवरा. तो हवालदार, वय छत्तीस, सतरा वर्षं सर्व्हिस. सुट्टीवर आलेला, चेहरा रापलेला, नाकाची साल निघत होती, आणि खुर्चीत बसला तोही सावधान मध्ये. राऊच्या पुढे महू रोडला रो-हाऊस बघून ठेवलेलं, किंमत ४८ लाख, ३८ लाखांचं लोन सँक्शन पण झालेलं, शनिवारी टोकन द्यायचं आणि गुरुवारी सुट्टी संपणार. म्हटलं सगळं ठरलंय तर माझ्याकडे कशाला आलात? "हिने आणलं," तो म्हणाला. वैशाली पर्सच्या चेनशी खेळत होती, चेन उघड, चेन लाव.

मी पे स्लिपा मागितल्या. प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून नीट ठेवलेल्या, तीन महिन्यांच्या, कारण बँक तेवढ्याच मागते. बेसिक ३९,२००, मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) ५,२००, वर महागाई भत्ता, आणि खाली एक ओळ जी मी बिनडोकपणे मोठ्यांदा वाचली, सियाचीन अलाउन्स, ३०,०००.

चेन थांबली. "तुम्ही तर लेहला होता ना?"

तो पंख्याकडे बघायला लागला. सहा महिने घरी सांगत होता की लेहला आहे, थंडी आहे, नेटवर्क नसतं, बाकी मजेत. मी चहा ठेवायला आत गेले आणि मुद्दाम वेळ लावला. माझी चूक होती, इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं की कागद आधी मनात वाचायचा.

बाहेर आले तर ती विचारत होती, "म्हणजे हे तीस हजार आता बंद होणार?" तिला वाटलं होतं प्रमोशनचा पगार वाढलाय. युनिट पीसला, म्हणजे शांत ठिकाणी, पठाणकोटला निघालेली, भत्ता बंदच होणार होता. आणि गंमत बघा, बँकेने ज्या तीन स्लिपा बघून लोन पास केलं त्या तिन्ही नेमक्या ग्लेशियरच्या. लोनच्या एजंटने हे विचारलं नाही, त्याला कशाला पडलीय, त्याचं कमिशन लोन होण्यावर.

मग वैशालीने मुलाच्या गणिताच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि आम्ही तिघांनी हिशोब मांडला. ३८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण ३३ हजार. भत्ता गेल्यावर हातात येणार साठच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त हप्त्यातच. त्यापुढचं तर कोणी बघितलंच नव्हतं, हवालदार २४ वर्षांनी घरी येतो, एक्स्टेन्शन मिळालं तर अजून दोन, म्हणजे याची सात वर्षं उरलेली आणि लोन वीस वर्षांचं. सात वर्षांत पावणेअठ्ठावीस लाख भरून झालेले असतील आणि तरी ३१ लाख बाकी, कारण सुरुवातीचा हप्ता व्याजच खातो. पेन्शन म्हणजे बेसिक आणि एमएसपीच्या निम्मी, आजच्या आकड्यात २२,२००, त्यावर महागाई. त्यातलीही अर्धी कम्युट केली, म्हणजे एकरकमी आधीच घेतली, की हातात अजून कमी. ३३ हजार कुठून आणणार? "सिक्युरिटीची नोकरी करीन," तो म्हणाला. वैशालीने त्याच्याकडे असं बघितलं की पुढे बोलला नाही.

घर घेऊ नका असं मी कधीच म्हणत नाही. फौजीला मी एवढंच विचारते की त्या घरात उद्यापासून राहणार कोण. इथे सासूबाई आणि दोन मुलं लोकमान्य नगरात भाड्याने राहतात, शाळा तिथेच, मग राऊच्या पुढचं रो-हाऊस कोणासाठी? तो जरा वेळाने बोलला, "पुढच्या फील्ड पोस्टिंगला जायच्या आधी यांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, बस." खरी घाई ही होती. वाईट काहीच नाही त्यात, पण भीतीच्या भरात माणूस ऐपतीपेक्षा मोठं घर घेतो हे मी डेस्कवर पण खूप बघितलंय.

शनिवारचं टोकन थांबलं. ठरलं असं की जुना पण तयार फ्लॅट शोधायचा, बांधकाम चालू असलेला नाही, कारण साईटवर चकरा मारणार कोण? (ज्यांना नवीनच घ्यायचंय त्यांनी प्रोजेक्टचा रेराचा (म्हणजे सरकारी नोंदणीचा) नंबर स्वतः रेराच्या वेबसाईटवर टाकून बघावा, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही हे लक्षात ठेवावं. आणि तो बायपासकडचा स्वस्त प्लॉट, "डायव्हर्शन (म्हणजे शेतजमीन बिगरशेती) होऊन जाईल भाभीजी" वाला, त्याचं नावच काढू नका.) रजिस्ट्रीत वैशालीचंही नाव. तो येऊ शकला नाही तर फक्त ह्याच फ्लॅटपुरतं मुखत्यारपत्र, पोस्टिंगच्या गावच्या सब-रजिस्ट्रारसमोर केलेलं, स्टॅम्प पेपरवर नुसती सही करून पाठवलेला कागद नको. युनिटच्या क्लर्कला दोन गोष्टी विचारायला लावल्या, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं घराचं लोन किती मिळतं आणि एएफपीपी फंडातून, म्हणजे फौजेच्या पीएफमधून, किती काढता येतं. तिसरी मी हळूच विचारली, नॉमिनी कोण? लग्नाआधीचं नॉमिनेशन, अजून आईच. त्याने तिथेच क्लर्कला मेसेज टाकला. आणि टॅक्स वाचेल म्हणून लोन वाढवा असं एजंट म्हणाला होता, त्याला सांगा की नव्या रेजीममध्ये स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची ती २ लाखांची सूट नाहीच.

चार महिन्यांनी लोकमान्य नगरातच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट झाला, २२ लाखांचं लोन, हप्ता १९ हजार. लिफ्ट नाही म्हणून सासूबाई कुरकुरतात.

मागच्या आठवड्यात वैशालीने एक फोटो पाठवला, पठाणकोटची पे स्लिप. आता तो दर महिन्याला तिला पाठवतो. खाली तिने लिहिलेलं, "ताई, तीस हजारवाली ओळ गेली. हप्ता, फीस, किराणा सगळं जाऊन नऊ उरले. आणि ह्या वेळी गाव खरं सांगितलंय, मी व्हिडिओ कॉलवर स्टेशनची पाटी दाखवायला लावली."