सहाच मुलं उरली असतील, तर त्या सहांच्या हातात काम द्या

गावातल्या दहा ते सोळा वयाच्या मुलांचा गट सुरू केला, पहिल्या महिन्यात पंचवीस यायची, आता सहाच येतात, काय चुकलं, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या कार्यक्रमात व्याख्यानं आहेत, सहल आहे आणि प्रात्यक्षिकंही आहेत. पण प्रात्यक्षिक मोठी माणसं करतात, मुलं बघतात. माझ्या मते गळती तिथेच आहे. मी बरीच वर्षं असे गट चालवतोय. ज्या मुलाकडे ‘हे माझं’ म्हणावं असं काम नसतं, ते फार दिवस टिकत नाही.

अमेरिकेत मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकवणारी ‘फोर-एच’ मंडळं आहेत, त्यांची सुरुवात बघा. ओहायोत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी 1902 मध्ये मुलांचा गट जमवला. मुलं मका लावत, लिटमस कागदाने माती तपासत. 1910 मध्ये साउथ कॅरोलायनात मारी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना टोमॅटोसाठी प्रत्येकी एक दशांश एकर जमीन घ्यायला लावली. जमीन एवढीशीच, पण लागवडीपासून डबाबंद करण्यापर्यंत सगळं त्या मुलीचं. शेतीची नवी पद्धत मोठ्यांच्या गळी उतरत नव्हती. मुलांच्या वाफ्यात ती दिसली, तेव्हा घरच्यांनी विचार सुरू केला.

तुम्ही बियाण्यापासून सुरुवात करा. पेरणीआधी घरचं राखलेलं बियाणं घ्या. औषध लावलेलं अजिबात नको, त्याला मुलांचा हात लागू देऊ नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि ओल टिकवायची. पिकानुसार साधारण आठवड्याभरात उघडून मोजायचं. शंभरातले 62 उगवले, तर ते बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरून भागणार नाही, हे मूल स्वतः घरी सांगतं. शेजारीही मग आपलं बियाणं घेऊन येतात. ही शेजाऱ्यांची ये-जा मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण गावाला गरज असलेलं काम मुलं करताहेत हे सगळ्यांना दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही हाच आग्रह आहे: शिकणाऱ्याने केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे.

प्रत्येकाची वेगळी वही हवी. तारीख, काय केलं, खर्च किती, काय बिघडलं. वही सुंदर नसली तरी चालेल, खरी हवी. आमच्या गटातल्या एका मुलीची कोंबडीची चार पिल्लं दगावली. ती खूप रडली, गट सोडते म्हणाली. दोघांनी बसून वही उलगडली, तर लागोपाठ दोन रात्री ऊब देणारा दिवा बंद पडल्याची नोंद तिच्याच अक्षरात होती. पुढच्या खेपेला ती रात्री उठून दिवा बघायची. तो दिवा मी तिच्यासाठी सांभाळला असता, तर ती हे शिकली नसती.

मोठ्यांनी हजर राहावं. करवत, विजेचं काम, विस्तव असेल तर अगदी शेजारी उभं राहावं. पण वाकडा खिळा काढून स्वतः सरळ ठोकू नये.

नवी मुलं सध्या बोलावू नका. या आठवड्यात त्या सहा जणांना सहा वह्या द्या आणि कोणाला काय करून बघायचंय ते विचारा. एखाद्याने तुम्हाला न येणारं काम निवडलं, तरी हो म्हणा आणि ते येणारा माणूस गावातच शोधा.