एकटं ठेवू नको

बाळ,

काल रात्री तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. "काका, खोक्यात ठेवलं की ओरडतंय, हातात घेतलं की गप्प झोपतंय, काय करू?" आणि मागनं त्या राजहंसाच्या पिल्लाची ती चिरकी हाक. भुकेची हाक नव्हे ती. 'कुठं गेला सगळे' म्हणून विचारतंय ते.

त्याला जोडी आण, दुसरं एक पिल्लू. बाकीचं सगळं नंतर.

चुकलं कुठं ते सांगतो, रागावू नको. खुडूक कोंबडीखाली तिची आणि राजहंसाची अंडी एकाच दिवशी ठेवलीस. कोंबडीची 21 दिवसांत फुटतात, हंसाला महिनाभर लागतो. ती आपली पिल्लं घेऊन उठणारच की! उरलेल्या चारांतलं एक तू टोपलीत बल्बखाली जगवलंस. त्याचं कौतुक तुझी आई करेल.

आता खोकं. तो एलईडी आधी काढ, उजेड देतो, ऊब देत नाही. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब शोध आणि खोक्याच्या एकाच टोकाला टांग, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीशी 32 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मी मायक्रोमीटर धरून आयुष्य काढलेला टर्नर, तरी सांगतो, आकड्यापेक्षा पिल्लू बघ. बल्बखालनं हलेना तर गारठलंय, लांब कोपऱ्यात चोच उघडून धापतंय तर तापलंय. आणि मान पुढं टाकून, पाय मागं फेकून मेल्यागत झोपलं तर हलवून उठवू नको. ती अशीच झोपतात. पहिल्या रात्री मी त्याच भीतीनं चारदा उठवलं होतं.

खालचा पेपर काढ, गोणपाट घाल. कागदावर पाय घसरून फाकतात ते फाकतातच. पाणी मातीच्या परळात, नाकपुड्या बुडतील एवढं खोल, पण आत गोटे टाक, नाहीतर आत जाऊन बसेल. टबात पोहायला सोडून व्हिडिओ काढायचं तर मनातही आणू नको. आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव लवकर भिजते, भिजलं की गारठलं. दूध-पाव नको. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर चालतं, पण त्यातलं नायासिन नावाचं जीवनसत्त्व हंसाला कमी पडतं आणि पाय वाकतात. ते भरून काढायला यीस्टची भुकटी किती मिसळायची ते जनावरांच्या डॉक्टरांना विचार. हरळीचे कोवळे शेंडे बारीक कातरून दे, सोबत चिमूटभर जाड वाळू.

हे सगळं नीट केलंस आणि ते एकटंच राहिलं, तर काही केलं नाहीस.

मला विचार. 1994 साली मी एक हंसाचं पिल्लू असं एकटंच वाढवलं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात कामाला होतो, शर्टाच्या खिशात घालून न्यायचो. मोठं झाल्यावर लूनाच्या मागनं पंख फडकावत पळायचं, गल्ली बघायला जमायची. माझी छाती फुगायची. आपण त्याला बदक म्हणायचो, शेजारच्या अक्का कानडीत बातुकोळी म्हणायच्या, आणि ते स्वतःला काय समजायचं? माणूस. मी माद्या आणल्या तर त्यांना चोचीनं हाकलायचं आणि माझ्या गमबुटांपुढं मान खालीवर करून नाचायचं. आम्ही पोट धरून हसलो. हसायला नको होतं.

पुढं मी दोन पाळ्या करायला लागलो. पोरीची फी होती, हौस नव्हती. बाकीची हंसं अंधार पडला की खुराड्यात जायची, हे जायचं नाही. फाटकाशी उभं राहायचं, लूनाचा आवाज येईपर्यंत. एका पहाटे फाटकाशी नुसती पिसं होती. कुत्री. बायको म्हणाली, रात्री कितीदा आत ढकललं, परत बाहेर येऊन उभं. खुराड्याला कडी घातली असती तर वाचलं असतं, असं लोक म्हणतात. असेल. पण कडीच्या आत ते कुणाजवळ झोपलं असतं?

लॉरेन्झचा फोटो तू पाठवलास, हंसांच्या पिल्लांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, 1973 ला नोबेल मिळालेला तोच. बघितलं, मागनं पिल्लं चालताहेत. नीट बघ की, मागं रांग आहे. एकटं पिल्लू नाही.

तुला भीती आहे, जोडी आली की ते तुझ्यामागं येणार नाही. येईल, थोडं कमी येईल. जूनमध्ये तू धारवाडला कॉलेजला जाणार, तेव्हा ते वीसेक वर्षं जगणारं जनावर कुणाच्या गमबुटांपुढं नाचायचं? रागानं लिहितोय असं वाटेल. रागच आहे, तुझ्यावर नाही.

माझ्या गंगीखाली हंसाची पाच अंडी आहेत, दोघांना आतनं टोचलंय. परवापर्यंत फुटतील. एक तुझं. तोवर खोक्यात छोटा आरसा उभा कर, काठ टोचणार नाहीत असा, शेजारी जुना लोकरी मोजा गुंडाळून ठेव. परवा दुपारी ये, संध्याकाळी नको, वाटेत गार लागतं. येताना तुझंही पिल्लू आण, दोघं माझ्याच अंगणात एकमेकांना बघू देत. आणि पुठ्ठ्याचं खोकं नको, खालनं ओलं होऊन फाटतं, बुट्टी आण.

तुझा
काका