परदेशी माणसाला हिंदू संन्यासी होता येतं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या जर्मन सहकाऱ्याला संन्यास घेऊन योग शिकवायचा आहे. जन्माने हिंदू नसलेल्याला हे जमतं का आणि त्याने सुरुवात कुठून करावी?

जमतं. त्याच्याच देशातली एक बाई या वाटेने गेली. तिची हकीकत त्याला नक्की सांगा.

सिल्व्हिया हेलमन १९११ साली बर्लिनमध्ये जन्मली. ती नर्तकी होती. नाझी राजवटीत तिचा पहिला नवरा मारला गेला, पुढे दुसराही गेला. १९५१ मध्ये ती कॅनडात स्थायिक झाली. तिथे एकदा ध्यानाला बसलेली असताना तिला एक चेहरा दिसला. तो ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचा, हे तिला नंतर कळलं. १९५५ मध्ये ती त्यांच्याकडे आली आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी तिला संन्यासदीक्षा दिली. नाव मिळालं स्वामी शिवानंद राधा.

दीक्षा इतक्या लवकर मिळाली म्हणून तुमच्या सहकाऱ्याने तसाच हिशेब मांडू नये. शिवानंद स्वतः मलायात डॉक्टरकी करून मग ऋषिकेशला आलेले आणि संन्यास देण्यात फार उदार. सगळीकडे तसं नसतं. रामकृष्ण मठात आधी ब्रह्मचारी म्हणून कित्येक वर्षं काढावी लागतात, मग संन्यास. शंकराचार्यांच्या दशनामी संन्यास-परंपरेत तर विरजाहोम, म्हणजे संन्यास घेतानाचा होम, करतात आणि त्याआधी स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हाताने घालावं लागतं. आधीचं नाव, घर, नातीगोती, सगळं तिथे सुटतं. हा विधी एकदा डोळ्यांसमोर आणला तरी भगव्याची हौस किती आणि ओढ किती हे ज्याचं त्याला कळतं.

मला राधांच्या आयुष्यात सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. गुरूंनी त्यांना गंगेकाठी ठेवून घेतलं नाही. कॅनडात परत जा आणि तिथे काम उभं कर, असं सांगितलं. १९५६ सालच्या कॅनडात भगव्या वस्त्रातली एकटी बाई! आधी व्हँकुव्हरजवळ आणि मग १९६३ पासून कूटनी सरोवराच्या काठी त्यांनी यशोधरा आश्रम वाढवला. १९९५ मध्ये त्या गेल्या, आश्रम आजही चालू आहे.

त्यांची शिकवण्याची रीत मी माझ्या योगवर्गातही वापरते. आसन सोडल्यावर लगेच पुढच्या आसनाकडे जायचं नाही. वही उघडायची आणि लिहायचं. वृक्षासनानंतर मी एवढंच विचारते, ‘तुमची मुळं कशात आहेत?’ पाय थरथरत असताना माणूस याचं जे उत्तर लिहितो, ते खुर्चीत बसून लिहिणार नाही. एका बाईंनी फक्त आईचं नाव लिहिलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. माझं ठाम मत आहे की त्याने या दोन इच्छा आधी वेगळ्या कराव्यात. योग शिकवायला संन्यास लागत नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गृहस्थच होते आणि जगभरातून लोक त्यांच्याकडे पुण्याला शिकायला यायचे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेतही प्रापंचिक माणसं शिकतात. योगशिक्षकाचं दोनशे तासांचं प्रमाणपत्र तर ऋषिकेशला महिनाभरात मिळतं. आणि संन्यासी झाला म्हणून वर्ग घ्यायला मिळतील असंही नाही. गुरूंनी स्वयंपाकघरात नाहीतर पत्रव्यवहाराला बसवलं तर तीच साधना. उद्या कुणी म्हणालं की तुला कधीच शिकवता येणार नाही, तरी त्याला संन्यास हवा आहे का? हे त्याला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर त्याची ओढ खरी.

तसं असेल तर लगेच दीक्षेचं बोलू नये. एखाद्या आश्रमाला पत्र लिहून पाहुणा म्हणून राहायची परवानगी मागावी. थोड्या दिवसांच्या योगवर्गासाठी पर्यटक ई-व्हिसा चालतो, जास्त दिवस राहायचं असेल तर आश्रमाला आणि भारतीय दूतावासाला आधी विचारावं. पहाटेचं ध्यान, सेवा, ठरलेलं जेवण, मोजकं बोलणं, हे सगळं आधी अंगवळणी पडू दे. नोकरी सोडायची घाई नको, रजा टाकून यावं. आणि आईवडील असतील तर त्यांच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोलावं, दीक्षेचा दिवस ठरल्यावर नव्हे.