चेहरा कापला, तरी मॅडोनाच!

प्रश्न: हल्ली गाणी मोबाइलवरच ऐकतो. अल्बमच्या वेष्टनामुळे गायिकेची प्रतिमा घडते म्हणतात, ते खरं की नुसती विक्रीची चलाखी?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दोन्ही. पण चलाखीतही डावं-उजवं असतंच की! अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाचंच बघा. १९८६च्या ‘ट्रू ब्लू’ या अल्बमवर छायाचित्रकार हर्ब रिट्सने तिचा मान मागे टाकलेला, डोळे मिटलेला चेहरा टिपला. १९८९च्या ‘लाइक अ प्रेअर’साठी त्याच रिट्सने चेहरा गाळूनच टाकला. दिसतं ते उघडं पोट, जीन्सचं सुटलेलं बटण, मण्यांच्या माळा आणि अंगठ्या घातलेली बोटं. चेहरा न दाखवताही लोक ओळखणार, ही गुर्मी मला तरी भारी आवडते.

खरी गंमत वासाची. ‘लाइक अ प्रेअर’च्या पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनाला पॅचौली या सुगंधी वनस्पतीच्या तेलाचा गंध दिला होता. पाकीट उघडलं की चर्चमधल्या धुपाची आठवण व्हावी म्हणून. कॅथलिक घरात वाढलेली मुलगी, बाहेर उघडं पोट आणि नाकाला देवघर! आत एड्सची माहिती देणारं पत्रकही होतं. त्या आजाराचं नाव काढायलाही लोक कचरत, तेव्हाची ही गोष्ट. नुसती नाचणारी पोरगी म्हणून तिला मोडीत काढणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

मोबाइलवर ते चित्र नखाएवढं दिसतं. वास तर सोडाच.