ट्रॅव्हल स्पीच थेरपिस्टला अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स लागतं का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत बीएएसएलपी (स्पीच थेरपी आणि श्रवणशास्त्राची पदवी), मग अमेरिकेत मास्टर्स, आता ओहायोचं लायसन्स, ॲशा या स्पीच थेरपिस्टांच्या अमेरिकी संघटनेचं सर्टिफिकेट आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आहे. तेरा-तेरा आठवड्यांची कॉन्ट्रॅक्टं घेत राज्याराज्यांत फिरायचा विचार आहे, तर दर वेळी नवं लायसन्स काढायचं का, की राज्यांमधल्या कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे करारामुळे, ते टळतं?

सध्या तरी बहुतेक वेळा हो. मीही वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून शिकून इथे आले, तेव्हा माझ्या डोक्यात आपली आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी होती. एकदा नंबर मिळाला की नागपूर काय नि कोची काय, देशभर चालतो. इथे लायसन्स देतं ते राज्य. आणि पेशंट ज्या राज्यात बसलेला असेल त्या राज्याचं लायसन्स लागतं. ऑनलाइन थेरपी घरच्या खुर्चीतून दिली तरी हेच.

ॲशाचं (आपल्या गावच्या आशाताई नव्हेत) सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. पण ते चालू ठेवाच, कारण बऱ्याच राज्यांत ते दाखवलं की प्रॅक्सिस परीक्षेचे गुण, क्लिनिकल फेलोशिपचे (मास्टर्सनंतर देखरेखीखाली केलेल्या कामाचे) तास वगैरे सगळं पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही.

वेळ खातं ते व्हेरिफिकेशन. आजवर जिथे जिथे लायसन्स होतं त्या प्रत्येक बोर्डाने 'हिच्यावर कारवाई झालेली नाही' असं नव्या बोर्डाला थेट कळवायचं असतं. तुम्ही पाठवलेली प्रत सहसा चालत नाही. त्यामुळे जितकी राज्यं फिराल तितकी ही यादी लांबते. माझं दुसरं कॉन्ट्रॅक्ट यातच गेलं. पाच वर्षांपूर्वी संपलेल्या एका लायसन्सचं पत्र वेळेत पोचलं नाही, सुरुवातीची तारीख उलटली आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. भाड्याच्या घराचं डिपॉझिट बुडालं ते वेगळंच. रिक्रूटर 'होईल हो दोन आठवड्यांत' म्हणतो, त्यावर घर घेऊ नका.

शिवाय प्रत्येक राज्याचे सोपस्कार निराळे. टेक्सासमध्ये तिथल्या नियमांची वेगळी ऑनलाइन परीक्षा आहे. कॅलिफोर्नियाला बोटांचे ठसे लागतात. त्यांची 'लाइव्ह स्कॅन' ही संगणकावर ठसे घेण्याची पद्धत राज्याच्या आतच होते, बाहेरून अर्ज केलात तर शाईचे ठसे कार्डावर घेऊन पाठवायचे.

आता तुम्ही ऐकलेल्या कॉम्पॅक्टबद्दल. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टांसाठीचा हा आंतरराज्य करार २०२१ मध्ये दहा राज्यांनी कायदा केल्यावर अमलात आला. आता तीसहून जास्त राज्यं त्यात आहेत आणि तुमचं ओहायोही आहे. तुमचं राहतं राज्य ते मूळ राज्य, तिथलं पूर्ण लायसन्स हवं, आणि त्यावर बाकीच्या सदस्य राज्यांत काम करायची मुभा, म्हणजे प्रिव्हिलेज, विकत घ्यायची. पण राज्याने कायदा करणं आणि तिथे प्रिव्हिलेज प्रत्यक्ष मिळू लागणं यात मोठं अंतर असतं. म्हणून 'करारात आहे' एवढ्यावर सही करू नका. आज तिथे प्रिव्हिलेज मिळतं का, ते कराराच्या आयोगाच्या साइटवर पाहा. मुक्काम कायमचा दुसऱ्या राज्यात हलवलात तर मूळ राज्यही बदलतं, हेही ध्यानात ठेवा.

शाळांची कामं घेणार असाल तर आणखी एक पेच आहे. कॉम्पॅक्ट फक्त लायसन्सपुरता आहे. शाळेत काम करायला काही राज्यांचा शिक्षण विभाग स्वतःचं प्रमाणपत्र मागतो. न्यूयॉर्कचं टीएसएसएलडी हे शिक्षकाचं प्रमाणपत्र त्यातलंच. हॉस्पिटल किंवा नर्सिंग होमच्या कामाला ही भानगड नसते.

पण तुमच्या जागी मी असते तर लायसन्सच्या आधी एच-१बीची काळजी केली असती. तुमची पिटिशन (मालकाने या व्हिसासाठी केलेला अर्ज) ठरावीक कामाच्या जागेशी बांधलेली आहे. त्या महानगर परिसराबाहेर नवी जागा आली की, २०१५ च्या एका निर्णयानंतर, मालकाला सुधारित पिटिशन दाखल करावी लागते, आणि तीही तुम्ही तिथे रुजू होण्याआधी. अल्प मुदतीची सवलत आहे, पण ती साधारण तीस दिवसांची, फार तर साठ. तेरा आठवड्यांचे दिवस होतात एक्क्याण्णव. दर तीन महिन्यांनी वकिलाचा खर्च करायला राजी असणारी एजन्सी मला तरी भेटली नाही. मी फिरायला लागले ती ग्रीन कार्ड हातात आल्यावरच.

तोवर ओहायोतल्या ओहायोत, एकाच महानगराच्या परिसरात दोन-तीन ठिकाणी काम मिळतं का, ते सध्याच्याच मालकाला विचारा. आणि शेजारच्या एखाद्या राज्याचा अर्ज आत्ताच टाकून ठेवलात तरी चालेल. लायसन्स काढायला तिथे नोकरी असावी लागत नाही. फक्त नूतनीकरणाची फी आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे तास दोन्हीकडचे सांभाळावे लागतील.