विंग घेऊ काय, दुर्बीण घेऊ काय: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

वायुसेनेत वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावी घराच्या स्लॅबवरून आकाशाचे फोटो काढतो, अन् पॅराग्लायडिंग (हवेनं फुगणाऱ्या कापडी पंखाला, म्हणजे विंगला, लटकून उडणं) रीतसर शिकलो असल्यानं हिवाळ्यात काही दिवस उडायलाही जातो. म्हणून लोक दोन्ही गोष्टी मलाच विचारतात. तेच ते प्रश्न परत परत येऊन राहिले, एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहून टाकतो. नावं टाकली नाहीत, फक्त गाव.

प्रश्न (दारव्हा): सर, साध्या मोबाईलनं आकाशगंगा निघते काय?

निघते. मोबाईल ट्रायपॉडवर किंवा विटेला टेकवून पक्का ठेवा, प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १६०० ते ३२००, शटर १५ ते ३० सेकंद, फोकस अनंतावर, अन् बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे चार-पाचला, चंद्र नसलेल्या रात्री, आग्नेयेकडे वृश्चिक अन् धनूच्या बाजूला.

प्रश्न (महागाव): माझ्या कॅमेऱ्यात चांदण्या ठिपक्यासारख्या न येता रेघोट्या येतात. दुकानदार म्हणते लेन्स बदला.

लेन्स बदलू नका. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते, अन् तुम्ही शटर जास्त वेळ उघडं ठेवून राहिले, एवढंच. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा, तेवढे सेकंद. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी असेल तर साधारण २० सेकंद. आपले बहुतेक कॅमेरे क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरचे असतात, त्यात आधी मिमीला दीडनं गुणा, म्हणजे १८ ची लेन्स २७ ची धरायची, मग १८ सेकंद येतात. असे तीस-चाळीस फोटो काढून सिक्वेटर किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवा, दोन्ही फुकट आहेत.

ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, ते ध्रुवाकडे रोखून मांडावं लागते) घेतला त्यांची वेगळी तक्रार असते की ध्रुव सापडत नाही. कारण तुम्ही डोक्यावर शोधता, अन् सगळ्यात चमकदार तारा शोधता, कुणीतरी लहानपणी तसं सांगितलेलं असते. ध्रुव फार चमकदार नाही, अन् आपल्याकडे तो २०-२१ अंशांवरच असते, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. हात सरळ लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठी वर. अर्ध्या लोकांचा ध्रुव तर कोठ्याच्या टिनामागं नाही तर निंबाच्या झाडामागं असते, म्हणून ट्रॅकर मांडायच्या आधी जागा बघा.

प्रश्न (आर्णी): ६७५ पट मोठं दाखवणारी दुर्बीण ऑनलाईन स्वस्तात मिळून राहिली. पोरासाठी घेऊ काय?

नका घेऊ. हा धंदा इतकी वर्षं चालू आहे अन् दर दिवाळीला कुणीतरी फसतेच. दुर्बिणीची खरी ताकद तिच्या समोरच्या भिंगाच्या रुंदीत असते, पटीत नाही. ६० मिमीच्या दुर्बिणीतून फार तर १२० पट कामाचं दिसते, त्याच्यापुढं नुसतं धुकं मोठं होते. खोक्यावर शनीचा फोटो असते तो त्या दुर्बिणीतून काढलेला नसते. स्टँड तर असा असते की वारा आला की चंद्र थरथरते, मग पोरगं दोन रात्री बघते अन् दुर्बीण माळ्यावर जाते. माझा राग याच्यावर आहे, पैसे तर जातातच, पोराची आवडही जाते.

१०x५० ची (दहा पट, समोरची भिंगं ५० मिमीची) चांगली बायनाक्युलर घ्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी, अन् नीट टेकवून धरली तर गुरूचे चार चंद्र, सगळं तिच्यात आहे. वर्षभर तिनं बघितलं तर मग दुर्बिणीचं बोलू, अन् तेव्हाही आधी नागपूरला रमण विज्ञान केंद्रात किंवा एखाद्या खगोल मंडळात जाऊन दोन-तीन प्रकारच्या दुर्बिणींतून स्वतः बघा, विचारा, मग पैसे काढा.

प्रश्न (दिग्रस): बायकोच्या वाढदिवसाला तिच्या नावाचा तारा विकत घ्यायचा आहे, सर्टिफिकेट येते म्हणे.

तारे विकत मिळत नाहीत. नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवते अन् तो कुणाला विकत नाही.

प्रश्न (उमरखेड): ग्रहणाचा फोटो काढताना एक्सरेची फिल्म लावली तर चालते काय?

नाही. काजळी लावलेली काच नाही, दोन गॉगल एकावर एक नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, जळताना काहीच कळत नाही, दुसऱ्या दिवशी मधोमध काळा डाग दिसते तेव्हा कळते. ग्रहणाचे चष्मे आयएसओ १२३१२-२ (हे सुरक्षिततेचं मानक, कॅमेऱ्यातलं आयएसओ नव्हे) लिहिलेले घ्या, अन् ते फक्त नुसत्या डोळ्यांसाठी, ते घालून दुर्बिणीत बघायचं नाही. दुर्बिणीला अन् कॅमेऱ्याला फिल्टर पुढच्या तोंडावर लागते, डोळ्याच्या बाजूनं फिरवून बसवायची छोटी काळी काच उष्णतेनं तडकते. आधीच बघून चुकले असाल अन् डाग दिसत असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न (पांढरकवडा): माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, याला कुठलीच परवानगी लागत नाही असं विकणाऱ्यानं सांगितलं. टिपेश्वरच्या जंगलावर उडवायचा आहे.

विकणाऱ्यानं अर्धं सांगितलं, जे सोयीचं होतं तेवढं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येते अन् त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, इथपर्यंत खरं आहे. पण रेड झोन (बंदीचा भाग) अन् येलो झोन (परवानगी घेऊनच उडवायचा भाग) ग्रॅम विचारत नाही, ग्रीन झोनमध्येसुद्धा ४०० फुटांच्या वर जायचं नाही. शिवाय मोठी बॅटरी टाकली की तोच ड्रोन २५० च्या वर जाते, हे कुणी सांगत नाही. झोनचा नकाशा बदलत असते, दर वेळी उडवायच्या आधी सरकारी पोर्टलवर बघा अन् पोलीस ठाण्यात विचारा.

टिपेश्वर अभयारण्य आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथं उडवायचा विचारही करू नका. आवाजानं जनावर बिथरते अन् ते बिथरलेलं जनावर मग कुणाच्या तरी वावरात शिरते.

प्रश्न (पुसद): काका, सेकंडहँड पॅराग्लायडर मिळून राहिलं आहे. व्हिडिओ बघून वावरातच प्रॅक्टिस करावी म्हणतो, टेकडी पण जवळ आहे. थोडं जमलं की मग इंजिन लावून पॅरामोटर करीन. विंग घेताना काय बघावं?

हा प्रश्न मला या वर्षात इतक्यांदा आला की आता छातीत धस्स होते. बाबू, विंग बघायची नाही, आधी शिकवणारा बघायचा. तू उलटं धरून राहिला अन् सगळेच उलटं धरून राहिले.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका पोराबरोबर मी शहरात विंग बघायला गेलो. विकणाऱ्यानं दिवाणाखालून पोतं ओढावं तशी ती ओढून काढली, उंदराच्या लेंड्यांचा वास सुटला. अंगणात पसरली. वरून रंग झकास, निळा-नारंगी. मी मधला भाग उचलून उन्हासमोर धरला तर शिवणीजवळ टाचणीएवढ्या भोकांची रांग दिसली. कापड चिमटीत चुरगाळलं तर जुन्या लुगड्यासारखं लुळं लागलं, जराही वाजलं नाही, म्हणजे उन्हानं त्याचं कोटिंग गेलेलं, अशा कापडातून हवा गळते. एक लाईन (विंगची दोरी) नखानं चाचपत खाली आलो तर एका जागी वरचं वेष्टण घासून आतला पांढरा धागा बाहेर आलेला. मग आतलं स्टिकर शोधलं, त्यावर वजन लिहिलेलं ८५ ते १०५ किलो. पोराचं वजन ५८. हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा झोळा), हेल्मेट सगळं धरून तो ७५-७८ च्या वर जात नव्हता. एवढा हलका माणूस खाली असला की ती विंग वाऱ्यात पतंगासारखी भिरकावली जाते. विकणारा म्हणे, सर काही होत नाही, मी दोन वर्षं उडवली. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून परत घडी केलं विचारलं तर त्याला तो प्रश्नच समजला नाही. पोरगं तरीही घ्यायला तयार होतं, कारण स्वस्त होतं. त्याला हाताला धरून परत आणलं.

आता टेकडीचं. आपली जमीन काळी आहे, एप्रिल-मेमध्ये पऱ्हाटी उपटून झाल्यावर ती नुसती तापते, अकरा ते चारच्या दरम्यान तिच्यावरून गरम हवेचे लोट उठतात. तूच वावरात बघितलं असशील, पाचोळा, पिशव्या, धूळ घेऊन वावटळ सरळ वर जाते. जी धूळ दिसते ती वावटळ, अन् धूळ नसेल तेव्हा तोच लोट असते पण दिसत नाही. पॅराग्लायडर म्हणजे हवेनं फुगलेलं कापड, त्यात ना दांडा ना सळई. लोटाच्या कडेला वर जाणारी अन् खाली येणारी हवा शेजारी शेजारी असते, तिथं विंगची एक बाजू चोळामोळा होऊन मिटते, त्याला कोलॅप्स म्हणतात. हजार-दोन हजार फुटांवर असला तर शिकलेला माणूस ती परत उघडवते. टेकडीवरून निघालेला तू साठ-सत्तर फुटांवर असणार, तिथं वेळच नसते. अन् खाली काय आहे? डीपी, अकरा केव्हीच्या तारा, विहिरी, तुरीच्या खुंट्या. व्हिडिओत हिमाचलचं नाही तर परदेशातलं हिरवं गवत असते.

इंजिन लावलं की काम सोपं होते हा आणखी एक गैरसमज. पाठीवर पंखा, पेट्रोल अन् वीस-पंचवीस किलो वजन आलं की चूक जास्त महाग पडते, वरून ते डीजीसीएच्या (विमान उड्डाणाचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमांत जाते.

मग करायचं काय? कामशेत अन् पाचगणी दोन्ही आपल्याच राज्यात आहेत, तिथं पी-१, पी-२ असे सुरुवातीच्या पायऱ्यांचे कोर्स होतात. पैसे भरायच्या आधी विचारायचं की शिकवणाऱ्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे, विमा आहे काय, रिझर्व्ह कधी घडी केलं, अन् एका शिकवणाऱ्यामागं किती पोरं. उत्तर द्यायला जो चिडते त्याच्याकडे जायचं नाही. कोर्समध्ये सुरुवातीचे दिवस नुसतं जमिनीवर विंग उभी धरायला शिकवतात, कंटाळा येते, पण तेच खरं शिक्षण आहे. पाठीचा, बीपीचा, फिटचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टर. विंग नंतर, ती पण शिकवणाऱ्याला दाखवून, त्यानं तपासणी केंद्रात कापडाची अन् लाईनची मापं घेतल्यावर. तोपर्यंत त्या विकणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नको, अन् दिलं असेल तर मला फोन कर, आपण जाऊन परत आणू.

प्रश्न (घाटंजी): मुलगी दहावीत आहे, तिला छंद म्हणून विमान चालवायचं आहे. नोकरीसाठी नाही. वय बसते काय?

बसते, ताई. १६ व्या वर्षी स्टुडंट पायलट लायसन्स, १७ व्या वर्षी प्रायव्हेट पायलट लायसन्स, शिक्षण दहावी पास, उड्डाण किमान ४० तास. चष्मा असला तरी अडत नाही, रंग ओळखता आले पाहिजेत. पण एक रुपया फी भरायच्या आधी डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या, लोक फी भरून बसतात अन् मग मेडिकलमध्ये काहीतरी निघते. संस्था डीजीसीएच्या मान्यता यादीत आहे काय ते स्वतः बघा. "नोकरीची हमी" म्हणणाऱ्याचं दार सोडा. कॉलेजला एनसीसीची एअर विंग असेल तर तिथंही चौकशी करा.

प्रश्न (नेर): अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं, मग आम्ही वावरात काहून नाही?

ते स्वतः पायलट आहेत. २०१६ मध्ये त्यांचं विमान मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात आलं, नोंदणी मिळायला २०१७ चा शेवट उजाडला, अन् उडवून बघायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. तेवढी वर्षं अन् तेवढं शिक्षण द्यायची तयारी असेल तर जरूर, नाही तर फोमचं रिमोटवालं मॉडेल बांधा. त्यातही विमान का उडते ते सगळं शिकता येते.

प्रश्न (सिंदेवाही): रात्री आकाशात दिव्यांची रांग दिसली. गावात म्हणून राहिले की पुन्हा तसंच काहीतरी पडणार.

एका रेषेत, सारख्या अंतरानं, न तुटता शांतपणे जाणारे दिवे म्हणजे स्टारलिंकचे (इंटरनेट देणारे) उपग्रह, ते तेव्हा पडत नसतात. २ एप्रिल २०२२ ला तुमच्या तालुक्यात लाडबोरीला धातूचं कडं पडलं तेव्हा आकाशात जळत तुटत जाणारे गोळे दिसले होते, ते चीनच्या रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. दोन्हीत फरक डोळ्यांनी कळते. तसं काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, रॉकेटच्या टाकीत विषारी इंधन राहिलेलं असू शकते. पोलीस पाटलाला, तहसीलदाराला कळवा.

प्रश्न (कळंब): ग्रामपंचायतीनं एलईडी फोकस लावल्यापासून फोटो पांढरे येतात. फिल्टर सुचवा.

फिल्टरनं फार फरक पडणार नाही, पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात. सरपंचाला भेटा. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश काळोखं राखणारी जागा) झालं, तिथं दिवे बंद केले नाहीत, त्यांची तोंडं खाली केली. तुमच्या खांबावरचा फोकस आकाशाकडे वाकडा आहे, लाईनमनला सांगून तो सरळ करून घ्या, खाली रस्त्यावर उलट जास्त उजेड पडते. अर्ज करा, अन् सोबत आधीचा अन् आत्ताचा फोटो जोडा, माझ्या गावात फोटो बघूनच काम झालं.

प्रश्न (मारेगाव): रात्री वावरात फोटोला जायचं तर जनावरांची भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. एकटं जायचं नाही, जंगल लागून असेल तर जायचंच नाही, घराच्या स्लॅबवरून काढा. वावरात गेलाच तर गमबूट घाला, लाल टॉर्च कॅमेऱ्यापाशी अन् पांढरी टॉर्च चालताना, ट्रायपॉडची पिशवी जमिनीवर उघडी ठेवू नका, त्यात विंचू शिरते. साप चावला तर मांत्रिक नाही, दोरी बांधणं नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय, अन् निघायच्या आधीच तिथला नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.