25 टक्के स्कॉलरशिप, पण कशावर?

"मावशी, मी नाशिकला सिडकोत राहते, यंदा बारावी झाली. कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत) पंचवटीच्या एका कॉलेजला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालंय. पुण्याच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीतही कॉम्प्युटरच मिळतंय, वर्षाची फी 2 लाख 60 हजार, त्यावर 25 टक्के स्कॉलरशिप, पण दरवर्षी 8.5 सीजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड) पाहिजे. होस्टेल-मेस 1 लाख 10 हजार वेगळे. पप्पा अंबडला कंपनीत आहेत, म्हणतात लोन काढू, तू जा. आई म्हणते घरी राहून शिक. माझं मन पुण्याला आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत. काय करू?"

अगं, शेवटची ओळ तू सहज लिहून टाकलीस पण सगळी गंमत तिथेच आहे. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, मात्र अ‍ॅडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला तर नाहीच. म्हणजे पंचवटीत तुला डेव्हलपमेंट फी, पुस्तकं आणि सिटीलिंक बसचा पास एवढाच खर्च. आता पुण्याचं बघ, 25 टक्के गेले तरी 1 लाख 95 हजार उरले, त्यात होस्टेल-मेस धरलं की वर्षाला 3 लाख 5 हजार, चार वर्षांचे 12 लाख 20 हजार, तेही फी वाढली नाही आणि तुझा सीजीपीए एकदाही घसरला नाही तर. फर्स्ट इयरला गणिताचे एम-वन, एम-टू पेपर असतातच गं, भल्याभल्यांचा घसरतो. घसरला की स्कॉलरशिपचे ते 65 हजार पप्पांच्याच खिशातून.

आणि लोन. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, म्हणजे सिडकोचं घर. शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज चढतच असतं. पप्पा प्रेमाने हो म्हणतायत, त्यांना हा आकडा कुणी कागदावर मांडून दाखवलाय का?

आता मनाचं. तुला पुणं हवंय ते प्लेसमेंटसाठी का घरातून बाहेर पडायला, हे स्वतःला विचार. बाहेर पडायचं असेल तर त्यात लाज कसली, अठराव्या वर्षी कुणाला नाही वाटत, पण मग तसं आईला सरळ सांग, उगाच पॅकेजचं नाव पुढे करू नको. प्लेसमेंटच असेल तर दोन्हीकडे कॉम्प्युटर ब्रँचचं मिडीयन पॅकेज, म्हणजे मधल्या पोराला मिळालेला पगार, विचार, बॅनरवरचं हायेस्ट नको, ते एका पोराचं असतं. शेवटच्या वर्षी इंटर्नशिपला नाशिकची पोरं पुण्यात हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जातातच की, तेव्हा जा, स्टायपेंड मिळाला तर रूमचं भाडं तरी सुटेल. माझं मत विचारशील तर पंचवटी. पुण्याची ऑफर साठ-सत्तर टक्क्यांची असती आणि सीजीपीएची अट नसती तर मी एवढ्या ठामपणे बोलले नसते.

आईला मात्र एक अट घाल, घरी राहणार पण संध्याकाळी लायब्ररी, क्लब, प्रोजेक्ट यावरून रोज कटकट नको. कॉलेज घरून केलं म्हणजे शाळाच पुढे चालू, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत होतं आणि त्याने मुली खरंच कंटाळतात.

कामाचं: उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, कास्ट व्हॅलिडिटी यातलं काही राहिलं असेल तर आजच मागे लाग. महाडीबीटीचा (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो, बँक खातं आधारला जोडलेलं ठेव. पुण्याचे लोक "आज रात्री सीट ब्लॉक करा" म्हणून फोन करतील, त्यांना पैसे किंवा ओरिजिनल एलसी काहीही देऊ नको, आधी कॅपच्या मुदतीत पंचवटीची सीट कन्फर्म करून ये.